एकही फूल आत नको

जुन्या कॅथेड्रलमधल्या प्रत्येक मिस्सेच्या प्रार्थनेला वेदीवर फुलं रचायचं काम तिचं. स्वतःच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला मात्र तिने सगळ्या फुलदाण्या बाहेर नेऊन ठेवल्या, सांडलेले परागकण ओल्या फडक्याने पुसले आणि दारात जाऊन उभी राहिली. येईल त्याच्या हातातून पुष्पचक्र घ्यायचं, आभार मानायचे आणि ते बाहेर पायऱ्यांवर मांडायचं. नगराध्यक्षांचं पुष्पचक्र त्यांच्या कर्तृत्वापेक्षा बरंच मोठं होतं. तेही पायरीवर गेलं.

नणंदेला राहवेना. "वहिनी, जगाच्या लग्नांना टेम्पो भरभरून फुलं, आणि माझ्या भावाला साधा देठसुद्धा नाही?"

"नाही."

शवपेटी दाराशी आली, तसे म्हातारे फादर पुढे झाले. "अगं, वेदी किती ओकीबोकी दिसतेय. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. फुलांजवळ गेला की याला शिंकांवर शिंका यायच्या, विसरलात? लग्न झाल्यापासून दर रविवारी बिचारा या पायरीवर बसूनच मिस्सा ऐकत आला."

फादरांनी शवपेटीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण आता कुठे शिंकणार आहे तो?"

"तेवढं मलाही कळतं, फादर," ती म्हणाली. "पण माझ्या फुलांपायी तो जन्मभर बाहेर बसला. आज फुलं बसतील. चला, त्याला आत घ्या."