शेजारी बसलेला माणूस

"नववा महिना चालू आहे, आणि गाडी तुम्हीच चालवत होतात?" विमा कंपनीच्या जयसिंग तुपेंनी कागदावरून नजर न काढता विचारलं.

"हो," उल्का म्हणाली.

"शेजारी कोण?"

"माझे सासरे."

अभ्यंकर सरांनी मान खाली घातली. छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला हा माणूस. आवाज असा, की शेवटच्या बाकावरचंही पोर दचकायचं. पण रविवारपासून त्यांच्या तोंडून धड वाक्य निघत नव्हतं.

रविवारी सकाळी सासरा आणि सून हडपसरहून मार्केट यार्डात फुलं आणायला गेले होते. उल्काचं ओटीभरण होतं. परतताना यार्डाच्या फाटकाजवळच्या वळणावर गाडी थांबायच्याऐवजी पुढे उसळली, हातगाडी ओढणाऱ्या गेनबा हमालाला मागून धडकली आणि खांबावर आदळून बंद पडली. गेनबाची मांडी मोडली. लोक जमले तोवर दोघंही खाली उतरून त्याच्यापाशी बसले होते. शेवंतीच्या जुड्या सीटवरून खाली घरंगळल्या होत्या.

"कोण चालवत होतं?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

सरांनी मान वर केली.

"मी," उल्का म्हणाली.

पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. डॉक्टरांनी तिला तपासलं. बाळ सुखरूप होतं. ओटीभरण अर्थातच राहिलं.

तेव्हापासून जो तो उल्कालाच बोलत होता. वरच्या मजल्यावरच्या सुनीतीबाई जिन्यात थांबून म्हणाल्या, "डोहाळे लागतात हो एकेकीला. कुणाला चिंचेचे, कुणाला गाडीचे." उल्का नुसती हसली. मागे उभ्या असलेल्या सरांना जिना दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

श्रीधर बंगळूरहून पहिल्या विमानानं आला. बायकोवर चिडता येईना, म्हणून वडिलांवर चिडला.

"बाबा, तुम्ही होतात ना बरोबर? मग असं कसं होऊ दिलंत?"

"अरे, मी तिला म्हणालो होतो, की या दिवसांत बाईमाणसानं गाडी..." सर फरशीकडे बघत म्हणाले.

"मी ऐकायला हवं होतं का ते?" उल्का शांतपणे म्हणाली. "जाऊ दे ना श्रीधर. झालं ते झालं."

सर उठून आपल्या खोलीत गेले. जेवायला बाहेर आले नाहीत.

रोज सकाळी ते बस पकडून इस्पितळात गेनबाला बघायला जात. पलंगाशी त्याची बायको तुळजाबाई बसलेली असे. पहिल्या दिवशी ती बोललीच नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सरांना स्टूल पुढे केलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सूनबाईला आमी काय म्हनत न्हाई, मास्तर. पोटुशी बाई हाय. आली आसंल डोळ्यांम्होरं अंधारी. तिला सांगा, जिवाला लावून घेऊ नगं."

सरांनी हातातली मोसंबी खाली ठेवली.

"आन् तुमी तर देवमानूस," ती पुढे म्हणाली. "दुसरं कुनी आलं आसतं का रोज रोज?"

सर स्टुलावर बसले नाहीत. काहीतरी पुटपुटत बाहेर पडले. बसमध्ये जागा असूनही हडपसरपर्यंत उभे राहिले.

घरी आल्यावर त्यांनी उल्काला हाक मारली. ती पाय वर घेऊन सोफ्यावर पडली होती. सुजलेल्या पावलांकडे बघत सर म्हणाले, "उल्का, मला हे सहन होत नाही."

"बाबा, माझ्याकडे लायसन आहे, विमा चालू आहे. त्या माणसाला भरपाई मिळेल, तो उभा राहील. बाकी लोक काय, दोन दिवस बोलतील. तुम्ही त्रास करून घेऊ नका."

त्यानंतरच्या सकाळी तुपे आले होते.

"एक विचारू का?" सर खालमानेनंच म्हणाले. "ती गरोदर आहे म्हणून गेनबाची भरपाई अडेल का हो?"

"छे हो काका. पोटुशी बाईनं गाडी चालवू नये, असं पॉलिसीत कुठंच लिहिलेलं नाही. चालवणाऱ्याकडे चालू लायसन हवं. मॅडमचं आहे. विषय संपला." तुपेंनी पेनाला टोपण लावलं. "आता फक्त गाडी बघतो."

चौघं खाली पार्किंगमध्ये आले. पुढचा बंपर आत गेलेला, एक दिवा फुटलेला. तुपेंनी चारी बाजूंनी फोटो काढले.

"क्रेननं आणून ठेवल्यावर आत कोणी बसलं होतं?"

"कोणीच नाही," श्रीधर म्हणाला. "पोलिसांनी चावी कालच दिली. ती माझ्याच खिशात आहे."

"मग शेवटचा एक फोटो. मॅडम, सावकाश बसा. रविवारी बसला होतात तशाच."

श्रीधरनं दार उघडलं. उल्का आधी पाठमोरी झाली, दाराला धरून हळूच टेकली आणि पाय आत घेण्यासाठी वळली. स्टिअरिंग पोटाला टेकलं. तिनं श्वास आत ओढला, पुन्हा वळायचा प्रयत्न केला. पोट काही केल्या चाकामागे मावेना. तिचा हात सीटखालच्या दांडीकडे गेला.

"सीट हलवू नका, मॅडम," तुपे हळू आवाजात म्हणाले.

श्रीधर एकदा बायकोकडे, एकदा सीटकडे बघत राहिला.

सर पुढे झाले. त्यांनी सुनेचा हात धरला. "उतर, बाळ."

"बाबा, नको..."

तिला बाहेर काढून सर स्वतः आत शिरले. ठेंगण्या अंगाचा तो माणूस सीटवर अलगद बसला. पाय नेमके ब्रेकवर आले, हात चाकावर. इंचभरही मागेपुढे व्हावं लागलं नाही.

"माझं लायसन दोन वर्षांपूर्वी संपलंय," सर म्हणाले. "घ्या फोटो."