फक्त आजच्या रात्रीपुरतं

बाजारात पैशाचा नुसता खडखडाट होता. दुपारपासून प्रत्येक बँक दुसरीकडे एका रात्रीपुरते उसने मागत होती, आणि ज्यांच्याकडे होते ते मूठ आवळून बसले होते. असे उसनवारीचे सौदे ठरवणाऱ्या आपल्या डीलरसाहेबांच्या बँकेकडे मात्र रग्गड पैसा पडून होता, त्यामुळे साहेबांच्या मिशीला आज वेगळाच पीळ होता. बाजार बंद व्हायच्या तोंडावर दुसऱ्या एका बँकेच्या डीलरबाईंचा फोन आला. कामाच्या फोनवरचा शब्द न् शब्द रेकॉर्ड होतो, म्हणून दोघंही जपूनच बोलत.

“साहेब, शंभर कोटी हवेत. फक्त आजच्या रात्रीपुरते.”

“मिळतील की. व्याजाचा दर दुप्पट पडेल.”

“अहो, जरा तरी ओळख ठेवा!”

साहेब खुर्चीत रेलले. आवाजात साखर घोळून म्हणाले, “बाजारात ओळख चालत नाही, मॅडम. गरज तुमची, दर आमचा.”

बाईंनी मुकाट्यानं दुप्पट दर कबूल केला आणि फोन आपटला. मॅनेजरनं साहेबांची पाठ थोपटली. साहेब शीळ घालत घरी पोचले आणि ऐटीत बेल वाजवली.

दार साखळीपुरतंच उघडलं.



फटीतून त्याच डीलरबाई, म्हणजे साहेबांच्या सौभाग्यवती, आवाजात तेवढीच साखर घोळून म्हणाल्या, “फक्त आजच्या रात्रीपुरतं ना, साहेब? सोफा मिळेल, दर दुप्पट. पलंग आज बाजारातच नाही.”