गुंड्याचा फ्लॅट

गुंड्याला बाल्कनीवाला फ्लॅट मिळाला. मला मात्र मिळाला नाही.

सोसायटीच्या मुलाखतीला मी गुंड्याला, म्हणजे माझ्या कुत्र्याला, घेऊन गेलो. आधीचे घरमालक त्याच्यामुळेच नाही म्हणाले होते. इथे त्यानं सेक्रेटरी देवस्थळीकाकांना पंजा दिला आणि काकू विरघळल्या.

"कुत्रा चालेल," काका म्हणाले. "तुमचं लग्न?"

"नाही झालं."

"मग अवघड आहे. बॅचलर घाण करतात."

जुनं घर सोडावंच लागलं. मला कॉट बेसिसवर जागा मिळाली, तिथे कुत्रा चालत नाही. गुंड्या काकूंकडे राहिला. रविवारी भेटायला गेलो की वॉचमन गेटवर अडवतो आणि गुंड्या बाल्कनीतून भुंकतो. हल्ली माझ्यावरच.

शेवटी कमिटीला अर्ज लिहिला: पट्टा अर्जदाराकडे आहे. तरी माननीय कमिटीने अर्जदारास गुंड्याचा पाळीव प्राणी म्हणून आत घ्यावे, ही नम्र विनंती.