इटलीवाल्याचं ताट

ताट समोर आलं तरी धोंडुबाईनं हात लावला नाही. तांबड्या रश्श्यात बोटभर रुंद, लांबलचक शेवया होत्या. वर लसणाचे जाड तुकडे, कडेला फोडलेला कांदा. तिनं एक शेवई चिमटीत धरून उचलली, उजेडात बघितली आणि परत ताटात सोडली.

"गव्हाचं पीठ हाय नुसतं, मावशी," चुलीपाशी उभा असलेला मानसिंग म्हणाला. "मांसमच्छी काय न्हाई. बिनघोर जेवा."

"मांसाला कोण भितंय? मेंढरामागं जन्म गेला माजा. चार आण्यात एवढं ताट भरतोस, त्येचं भ्या वाटतंय."

शेजारच्या बाकावरचे हमाल हसले. हळदीच्या पेठेतल्या या बोळात मानसिंगनं इटलीतल्या लढाईवरनं परत आल्यावर खानावळ काढली होती. पहिले काही दिवस लोक दारातून आत डोकावून, शेवयांना गांडुळं म्हणून निघून जायचे. मग कुणीतरी खाऊन बघितलं. आता दुपारी बाकावर जागा मिळत नसे, आणि सगळी पेठ त्याला इटलीवाला म्हणत होती.

हमाल उठून गेले. खानावळीत दोघंच उरली. धोंडुबाईनं कमरेची पिशवी सोडली, आतला घडी पडलेला कागद काढून ताटाशेजारी ठेवला.

"ह्ये तूच लिवलंस का?"

मानसिंगनं लांबूनच आपलं अक्षर ओळखलं. हातातला झारा त्यानं खाली ठेवला.

"तुमी धुळाच्या आई?"

"म्हसवडास्नं आलीया. मास्तरानं दोनदा वाचून दावलं. आता तुज्या तोंडनं ऐकायचं हाय."

मानसिंग साहेबापुढं उभं राहावं तसा तिच्यापुढं उभा राहिला आणि सांगू लागला. तो आणि धुळा एकाच पलटणीत, खेचरं हाकायला होते. डोंगरावर दारूगोळा पोचवून उतरताना दुपारी एका शेतकऱ्याच्या घरी थांबले. तिथल्या बाईची मेंढी नवं कोकरू जवळ येऊ देत नव्हती, लाथा मारत होती. धुळानं मूठभर मीठ मागून कोकराच्या पाठीला चोळलं. मेंढी चाटू लागली आणि चाटता चाटता तिनं त्याला पिऊही दिलं. बाई खूश झाली. तिनं दोघांना घरात बसवलं, पीठ लाटून शेवया कापल्या आणि हेच जेवण वाढलं.

"तिचं बघूनच मी शिकलो," तो म्हणाला.

धोंडुबाईची नजर त्याच्या तोंडावरून हलली नव्हती.

"मिठाची युक्ती समद्या धनगरांस्नी ठावी हाय. सिद्धनाथाच्या जत्रंत कुणीबी सांगंल तुला."

"मी खोटं कशापायी बोलू? शपथ घिऊ?"

"शपथ नगं. कागदात लिवलंस, ताट पुसून जेवला आन् मग गेला. व्हय?"

"व्हय."

"माजा धुळा जन्मात कवा ताट पुसून उठला न्हाई. कुत्र्याला घास ठेवायचा. दारात कुत्रं नसलं तरी ठेवायचा." तिनं कागदावर बोट आपटलं. "त्यो तुज्यासंगं व्हता का न्हाई? का दुसऱ्या कुणाचं मराण माज्या पदरात घातलंस? माजा ल्योक जित्ता आसंल तर सांग. कुटंबी आसू दे. मी भांडायला न्हाई आले."

बोलता बोलता तिचा आवाज मऊ झाला होता. मानसिंग समोरच्या बाकावर बसला.

"जेवान झालं न्हवतं त्येचं," तो म्हणाला. "दोन-चार घास खाल्लं आसतील. तवर लांब कुठंतरी गोळा पडला. आंगणात बांधलेली खेचरं बुजली, दावी तोडाय लागली. मी म्हनलं, बस रं गड्या, खाऊन घे आदी. त्यो म्हनला, मुकी जनावरं हायती. उठून गेला. दुसरा गोळा आंगणातच पडला, मावशी."

बाहेरून एक हळदीची गाडी गेली.

"आईला कसं लिवू," मानसिंग म्हणाला, "उपाशी गेला म्हून?"

"ताट?"

"तसंच व्हतं."

धोंडुबाईनं कागद उचलला, होता त्याच घड्यांवर दुमडला आणि पिशवीत घातला. पिशवीची गाठ तिला दोनदा मारावी लागली.

"हां," ती म्हणाली. "ह्यो माजा धुळा."

तिनं ताट पुढं ओढलं. शेवया बोटांतून निसटत होत्या. मानसिंगनं चमचा आणून ठेवला, तो तिनं बाजूला सारला.

"आंबाट हाय."

"गूळ घालू का जरा?"

"नगं. त्या बाईनं घातला न्हवता न्हवं?"

"न्हाई."

ती एकेक घास चावून खात राहिली. मानसिंगनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, पण तो तिथून हलला नाही. सगळं संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

"त्या बाईचं नाव काय?"

मानसिंगनं रिकामं ताट उचललं.

"इचारलंच न्हाई, मावशी. त्यांची भाशा कुठं येत व्हती आमास्नी?"

धोंडुबाईनं तांब्या उचलला.

"तिनं त्येचं नाव इचारलं आसंल," ती म्हणाली आणि हात धुवायला बाहेर गेली.