अकरा पाहुणे

"पाहुणे आहेत तोवर जेवून घे गं बाई, मागाहून घास उतरायचा नाही." आई हे कानाशी पुटपुटायची, जात्यावरच्या ओवीसारखं. त्याला आता तीस वर्षं झाली. चौथीच्या वह्या तपासताना बाईंना आज तोच आवाज ऐकू आला.

निबंधाचा विषय त्यांनीच दिला होता : कोणत्या तीन थोर व्यक्तींना घरी जेवायला बोलवाल? चिमणीने अकरा बोलावले होते, सम्राटांपासून चंद्रावर गेलेल्या काकांपर्यंत. शाळा सुटल्यावर बाईंनी तिला थांबवलं.

"अगं, तीन सांगितले होते ना? घरात लग्न काढलंस की काय?"

चिमणी हसली नाही. "एखादा उठून गेला तर दुसरा हवा ना, बाई."

"बरं. आणि जेवणं झाल्यावर हे सम्राट काय करणार?"

"मुक्कामाला राहणार. आईच्या खोलीच्या दारात झोपणार. चंद्रावर गेलेले काका माझ्या दारात."

फाटकाशी स्कूटरचा हॉर्न वाजला. चिमणीने दप्तर पोटाशी घट्ट धरलं.

"बाबा आले. चारचौघांत ते खूप हसतात, बाई. तुम्हीसुद्धा म्हणाला होतात, किती प्रेमळ आहेत म्हणून."

बाईंनी तिचा हात हातात घेतला. त्यांनी दुसऱ्या हाताने आपली पर्स उचलली आणि जे नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं, ते तिला सांगितलं.

"चल, आज मी येते तुमच्याकडे. माझे बाबासुद्धा पाहुणे असेपर्यंतच हसायचे."