तिसरा ठोका

ग्रह आडवा आला की ताऱ्याचा उजेड किंचित मंदावतो. वेधशाळेतल्या ताई त्या मंदावण्याचे ठोके करून कानांनी ऐकत.

त्या दुपारी गेल्या वर्षीची नोंद पुन्हा लावली होती. ठक. ठक. मग नेहमीसारखी शांतता.

"सारख्या अंतराने तीन ठोके पडले तरच ग्रह पक्का. तिसरा ठोका नाही, म्हणजे ग्रहही नाही," सहकारी म्हणाला. "माणसाला राहण्याजोगं दुसरं घर गेलं हातचं, ताई! यादीतून काढू?"

"थांब रे, घोड्यावर बसून आलास का?"

ताईंच्या लहानपणी त्यांचे बाबा देवाचं गाणं म्हणताना मांडीवर असेच दोन ठोके देऊन हात वर धरत. तिसरी टाळी लेकीची. ती पडेपर्यंत बाबा पुढची ओळ घेत नसत, देवही ताटकळे.

बाबांना जाऊन वर्षं लोटली होती. ताऱ्याचा हा उजेड तर बाबांच्याही जन्माआधीच तिथून निघालेला.

सहकारी नोंद बंद करायला वाकला. ताईंनी हळूच टाळी वाजवली.

गेल्या वर्षीच्या त्या नोंदीत तिसरा ठोका पडला. आणि पुढची ओळ घेण्यासाठी कुणीतरी श्वास भरून घेतला.