अठरा वर्षांच्या शलाकेचा होकार

विद्यापीठाच्या नोंदणी-खिडकीतल्या संगणकाच्या पडद्यावरून अठरा वर्षांची शलाका संशयाने डोळे बारीक करून बघत होती. सत्तावीस वर्षांपूर्वी प्रवेश घेताना विद्यापीठाने काढून ठेवलेली शलाकाच्या मनाची ती प्रत अजून तशीच होती, आणि तिच्या होकाराशिवाय तेव्हाच्या उपचारांची फाईल उघडणार नव्हती.

"अगं, मी तूच आहे," पंचेचाळिशीची शलाका काकुळतीला आली. "आईपासून लपवून आपण कसले उपचार घेतले, ते डॉक्टरांना हवंय, आणि मला आता नीट आठवत नाही. माझी मुलगीही आता तशीच गप्प गप्प असते."

"तिला विचारलंस?"

"तिला काय कळतंय? तिच्या भल्यासाठीच चाललंय ना हे सगळं!"

पडद्यावरची पोर झटकन मागे सरकली.

"हे वाक्य मी चांगलंच ओळखते," ती म्हणाली. "आईनंच पाठवलंय ना तुला?"